तयार सिरीज बोर्ड: घ्या, पण आधी मागचं झाकण उघडून बघा

ऊन तापायला लागलं की जळगाव-भुसावळकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वर्षभर पडून राहिलेली मोटर थेट मेनवर लावू नये, आधी सिरीजवर, म्हणजे मधे एक बल्ब जोडून बघावी. त्यासाठीचा बोर्ड आता इलेक्ट्रिकच्या दुकानात तयार मिळतो: बल्बचा होल्डर, सॉकेट आणि दोन बटणं, सिरीज (बल्बमधून) व डायरेक्ट (थेट मेनवर).

काम चोख आहे. बल्ब आणि मोटर एकापाठोपाठ जोडलेले, म्हणून दोघांतून करंट सारखाच जातो. बल्ब मंद पेटला आणि मोटर गुणगुणली तर वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, बहुधा ठीक. बल्ब फुल पेटला तर शॉर्ट. पेटलाच नाही तर कुठेतरी तार तुटलेली. शॉर्ट असला तरी १०० वॅटचा बल्ब ०.४३ अँपिअरच्या वर करंट टिकू देत नाही, त्यामुळे फ्यूज शाबूत राहतो.

इस्त्रीला मात्र हा हिशेब फसवा ठरतो. पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स ५२९ ओहम, १००० वॅटच्या इस्त्रीचा जेमतेम ५३. व्होल्टेज त्याच प्रमाणात वाटला जातो: २३० पैकी सुमारे २०९ बल्बला, इस्त्रीला २१. इस्त्री धडधाकट असूनही बल्ब लख्ख पेटतो, आणि नवा कारागीर कॉइल शॉर्ट समजून बदलून टाकतो. इस्त्री-गिझरला मल्टिमीटरच लावा.

आता तक्रारी. काही बोर्डांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद करून सॉकेटला टेस्टर लावा. पेटला तर जोडणी उलटी आहे, फेज बटणावर घ्या. सोबत एलईडी बल्ब आला असेल तर काढून साधा पिवळा बल्ब लावा. एलईडीच्या आतलं सर्किट कमी व्होल्टेजलाही उजेड देतं, मंद-फुल हा फरकच कळत नाही. दोन्ही बटणं एकसारखी, हे तर धोक्याचंच. डायरेक्टच्या बटणाला लाल टेप चिकटवा.

बल्ब विझलेला असला तरी उघड्या टोकावर पूर्ण २३० व्होल्ट असतात, कारण करंट वाहत नाही तोवर बल्बवर व्होल्टेज पडत नाही. हात लावू नका. माणसाला ३० मिलिअँपिअरही घातक ठरू शकतो, आणि बल्ब त्याच्या कितीतरी पट जाऊ देतो.

रावेर-यावलच्या केळीबागांतल्या थ्री फेज सबमर्सिबल पंपांसाठी हा बोर्ड फक्त तार तुटली का आणि बॉडीला थेट करंट उतरतो का, एवढंच सांगेल. ओलाव्याची बारीक गळती बल्बला दिसत नाही. तिथे मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लागतं.