करंट आल्यापासून पहिल्या प्रिंटपर्यंत: कॉम्प्युटरचं स्टार्टअप आवरल्यानंतरचे आठ महिने

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कणकुंबीच्या एक काकू सोसायटीच्या कर्जासाठी उताऱ्याची प्रिंट काढायला माझ्या टायपिंग-प्रिंटच्या दुकानात आल्या. आमच्या खानापुरात (बेळगाव जिल्हा) पाऊस लागला की करंटचा भरवसा नसतो. त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा गेला होता आणि माझ्या यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच संपलेली. करंट आला, कॉम्प्युटर लावला, डेस्कटॉप दिसला आणि मग काहीच हलेना. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला, आतून बारीक करकर चालू. "होतंय का नाही ओ? गाडी जाईल की माझी," काकू दारातून रस्त्याकडे बघत म्हणाल्या. प्रिंट हातात दिली तेव्हा गाडी गेली होती. पुढच्या गाडीपर्यंत त्या माझ्याच बाकावर बसून राहिल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

मशीन २०१७ सालचं. सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारूया, नाहीतर नवीन घ्या." फॉरमॅट म्हणजे कन्नड टायपिंगचं नुडी, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, दहा वर्षं जमवलेले लग्नपत्रिकांचे फॉन्ट, दोन प्रिंटर, सगळं पहिल्यापासून बसवायचं. नवीन घ्यायचं तर पस्तीस हजार. दोन्हीला नको म्हटलं आणि रात्री मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. बटण दाबल्यापासून पहिला कागद बाहेर येईपर्यंत ७ मिनिटं ४० सेकंद. त्यातली पहिली दोन मिनिटं डेस्कटॉप दिसेपर्यंतची. उरलेला सगळा वेळ डेस्कटॉप समोर असून काम होत नाही, असा. खरं दुखणं तिथंच होतं.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडलं. स्टार्टअपच्या पानावर, म्हणजे मशीन लावलं की आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत, सतरा नावं. गाण्यांचं ॲप, मीटिंगचं ॲप, मुदत संपलेला अँटिव्हायरस, कोणाकोणाचे अपडेटर. प्रत्येकासमोर हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन झालं की विंडोज त्याला हाय म्हणतं. फिरत्या डिस्कवर हे महागात पडतं, कारण सतरा जण एकदम वाचायला लागले की डिस्कचा काटा नुसता इकडून तिकडे धावत बसतो. डिसेबल केल्यानं प्रोग्रॅम उडत नाही, आपण उघडला की उघडतोच, एवढं लक्षात आल्यावर भीती गेली. बारा बंद केले. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढूनच टाकला, विंडोजचा स्वतःचा आहे तो पुरतो. नुडी मात्र मला सकाळी पहिल्यांदा लागतं, म्हणून त्याचा शॉर्टकट मीच स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी ४ मिनिटं ३५ सेकंद. एक रुपया खर्च न करता तीन मिनिटं वाचली.

आता प्रिंटर. या सतरांतली चार नावं एकट्या रंगीत प्रिंटरची होती. एक शाई किती उरली ते बघणारं, एक अपडेट शोधणारं, एक स्कॅनच्या बटणासाठी आणि चौथं कशासाठी ते आजपर्यंत कळलेलं नाही. चारही बंद केली. प्रिंट पहिल्यासारखीच, स्कॅनही व्यवस्थित. पंधरा दिवसांनी बघतो तर दोन परत हजर. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. कस्टमर केअरला फोन लावला. "सर, लेटेस्ट ड्रायव्हर इन्स्टॉल करा," म्हणाले. केला. चाराची पाच झाली.

त्यानंतर मी याचा पिच्छा सोडला नाही. स्टार्टअपच्या पानावर न दिसणारी त्याची एक सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, होती, ऑटोमॅटिकवर लावलेली. शिवाय ठरलेली कामं आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये एक नोंद होती. बंद केलेल्यांना परत उभं करणारी तीच असावी. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्यात डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स नावाचा कप्पा असतो. त्यात १०० नंबरची नोंद म्हणजे पूर्ण बूटला, म्हणजे मशीन पहिल्यापासून सुरू व्हायला, लागलेला वेळ, मिलिसेकंदांत. १०१ म्हणजे उशीर करणारा प्रोग्रॅम, १०३ म्हणजे उशीर करणारी सर्व्हिस. १०३ मध्ये आमचा प्रिंटरच, एकवीस सेकंद! छापायला विंडोजला लागतो ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारं सॉफ्टवेअर, आणि प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजचीच सर्व्हिस. बाकीचा पसारा शाई विकण्यासाठी आहे असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि साडेतेरा हजार मोजून घेतलेल्या वस्तूनं माझ्या गिऱ्हाईकाची एकवीस सेकंदं खावीत याचा मला अजून राग येतो.

या रागातच एक मोठी चूक झाली. ऑगस्टमध्ये एका व्हिडिओत "या वीस सर्व्हिसेस बंद करा" अशी यादी होती. सर्व्हिसेस उघडून एका दमात सगळ्या डिसेबल केल्या. त्यात प्रिंट स्पूलरही गेला, कारण नाव बघून मला तो प्रिंटर कंपनीचाच वाटला. सकाळी जात-उत्पन्नाच्या अर्जांसाठी सात जण रांगेत आणि दोन्ही प्रिंटर यादीतूनच गायब. मागून एक अण्णा दर पाच मिनिटांनी "आयतेन्री?" (झालं का हो?) विचारत होते. व्हिडिओ पुन्हा लावून एकेक सर्व्हिस उलटी फिरवायला दीड तास गेला. तेव्हापासून वही ठेवली आहे: तारीख, सर्व्हिसचं नाव, आधी काय होतं, आता काय केलं. एका दिवशी एकच बदल. एमएस-कॉन्फिग हे विंडोजचं सेटिंगचं साधन उघडून सर्व्हिसेसच्या पानावर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याची खूण आधी करायची, मग जेवढ्या उरतात तेवढ्यांनाच हात लावायचा. आणि थेट डिसेबल करण्यापेक्षा मॅन्युअल बरं, कोणाला गरज लागली तर ती सुरू होऊ शकते. काही सर्व्हिसेस मी डिलेड स्टार्टवर टाकल्या. त्या साधारण दोन मिनिटं थांबून सुरू होतात, तोवर माझी पहिली प्रिंट निघालेली असते.

फाईल शोधून देणारं विंडोज सर्चही बंद करून बघितलं. बूटला थोडा फरक पडला, पण "गेल्या वर्षीचा तोच अर्ज काढा की" असं कोणी म्हटलं की फाईल शोधायलाच मिनिट जायला लागलं. परत चालू केलं आणि इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी फाईलींची सूची करणं, फक्त गिऱ्हाइकांच्या फोल्डरपुरतं ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये मला माझं मत बदलावं लागलं. पाऊस संपला, आणि मशीन सकाळी सव्वादोन मिनिटांत तयार व्हायला लागलं. हे सगळं माझ्या साफसफाईचं फळ असं मी चार दुकानदारांना सांगितलंही. मग एकदा टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्सच्या पानावर नजर गेली: अप टाइम, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, नऊ दिवस. मी तर रोज रात्री शट डाऊन करतो! ही फास्ट स्टार्टअपची करामत. शट डाऊन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. सर्व्हिसेस नव्यानं सुरू होत नाहीत, स्टार्टअपची यादी मात्र लॉगिनला रोज चालते. करंट अचानक गेला की लिहून ठेवायला वेळच मिळत नाही, म्हणून मग पूर्ण बूट. जूनमध्ये "सकाळी बरं चालतं, दुपारी का मरतं?" हा जो प्रश्न मला पडला होता, त्याचं उत्तर हे होतं. आता वेळ मोजायचा तर मी रीस्टार्ट करूनच मोजतो. तसा मोजला तर ३ मिनिटं २० सेकंद. त्या चार दुकानदारांना हा आकडा परत जाऊन सांगितला.

एसएसडीचं, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचं, सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. डेस्कटॉप दिसेपर्यंतची पहिली दोन मिनिटं माझ्यानं तसूभर कमी झाली नाहीत, ती त्या डिस्कचीच आहेत. पण हे मशीन अधिकृतपणे विंडोज ११ घेत नाही, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि वाढवून घेतलेले सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. अशा मशीनवर पैसे घालायला मन होईना. त्याऐवजी हजाराच्या आत यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी बदलली. एसएसडी घेईन ती नव्या मशीनबरोबर.

दर महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडल्यावर उदबत्ती लावायची आणि स्टार्टअपची यादी बघायची, असा नेम आहे. फेब्रुवारीत सात नावं होती, दोन प्रिंटरची. बंद केली, वहीत लिहिली.

परवा त्याच काकू आल्या, नातवाच्या अर्जासाठी. प्रिंट अर्धी निघाली आणि करंट गेला. यूपीएसवर मॉनिटर चालू राहिला, प्रिंटर थांबला. करंट आल्यावर मी कागद सरळ करून पुन्हा छापला. काकू पर्स उघडून पैसे मोजत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "आज लवकर झालं ओ."