लेकीचं ग्रोथ हॉर्मोन घरी देताना: पावडरच्या व्हायलचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी सात वर्षांची. तपासण्यांत ग्रोथ हॉर्मोनची कमतरता निघाली आणि रोज रात्री एक इंजेक्शन सुरू झालं. औषध आधीच भरलेलं इंजेक्शनचं पेन सोयीचं, पण आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून पावडरची व्हायल, म्हणजे औषधाची छोटी काचेची बाटली, घेतली. ती घरी पाण्यात विरघळवायची आणि डोस आपणच मोजायचा.

आमच्या व्हायलमध्ये 12 युनिट औषध असतं. त्यात सोबत आलेलं 2 मिली पाणी घालायचं, म्हणजे 1 मिलीत 6 युनिट झाले. तेव्हा तिचं वजन 20 किलो होतं आणि डोस 2.1 युनिट, म्हणजे 0.35 मिली. इथवर हिशेब सरळ आहे. घोळ पुढे होतो, कारण हे औषध इन्सुलिनच्या सिरिंजने द्यायचं आणि त्या सिरिंजवरही ‘युनिट’च लिहिलेलं असतं. ते युनिट इन्सुलिनचे, आपल्या औषधाशी त्यांचा संबंध नाही. केशरी टोपीच्या सिरिंजवर 100 युनिट म्हणजे 1 मिली, म्हणून आमचा डोस 35 च्या खुणेवर येतो.

दुसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानातून लाल टोपीच्या सिरिंजा आल्या. मी सवयीने 35 पर्यंत दट्ट्या ओढला. सिरिंज जवळजवळ भरली तेव्हा हात थांबला. लाल टोपीची सिरिंज 40 युनिटवाल्या इन्सुलिनची, तिच्यावर 40 म्हणजे 1 मिली. तिच्या 35 च्या खुणेला 0.875 मिली औषध येतं, म्हणजे अडीच पट डोस. सुई टोचायच्या आधी लक्षात आलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टर मॅडमना सांगितलं. तेव्हापासून त्या चिठ्ठीवर डोस मिलीतच लिहितात आणि शेजारी सिरिंजचा प्रकारही.

अजून एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. 1 मिलीच्या केशरी सिरिंजवर एक रेघ 2 युनिटची असते, म्हणजे 35 ची रेघच नसते, अंदाजाने मध्ये थांबावं लागतं. अर्ध्या मिलीची सिरिंज घेतली की प्रत्येक युनिटला रेघ मिळते. रोजच्या औषधात अंदाज नको, म्हणून ती मागूनच घ्या.

पाणी घालण्याचं काम सिस्टरनी समोर बसवून शिकवलं. रबरी बूच स्पिरिटने पुसायचं आणि वाळू द्यायचं. पाण्याची धार पावडरवर न सोडता काचेच्या कडेने हळूहळू सोडायची. मग दोन तळव्यांत धरून व्हायल हलकेच फिरवायची. खडाखडा हलवली तर फेस येतो आणि हे हॉर्मोन प्रथिन असल्यामुळे बिघडू शकतं. पहिल्या आठवड्यात घाईत माझ्याकडून हललीच, आत साबणासारखा फेस झाला. ती व्हायल टाकून द्यावी लागली, पैसे गेले. नीट विरघळलेलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर वापरू नये.

एका व्हायलमध्ये पाच डोस बसतात आणि तळाशी 0.25 मिली उरतं. ते पुढच्या व्हायलमध्ये मिसळायचं नाही. जीव तुटतो, पण टाकते. व्हायलवर पाणी घातल्याची तारीख पेनने लिहिते. ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात राहते, दारात नाही आणि फ्रीझरजवळ तर मुळीच नाही, गोठलेलं औषध वाया जातं. मे महिन्यात लाईट जायची तेव्हा बर्फाच्या पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून व्हायलसोबत थर्मासात ठेवायचे, बर्फ थेट व्हायलला लागू द्यायचा नाही.

टोचायची जागा रोज बदलते: डावी मांडी, उजवी मांडी, मग पोट. लेक स्वतःच सांगते, ‘आई, आज उजवी.’

माझ्या भाच्याने जिममध्ये ऐकून विचारलं, ‘मावशी, ऑनलाइन संशोधनासाठी म्हणून पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांची, पावडर मिळते, ती कशी मोजायची?’ त्याला मी स्पष्ट सांगितलं, बाबा, ती घेऊच नकोस. माझा सगळा हिशेब लेबलवरच्या 12 या आकड्यावर उभा आहे. तो आकडाच भरवशाचा नसेल तर किती बारीक रेघांची सिरिंज आणलीस तरी काय उपयोग? आणि आमच्या मागे दर तीन महिन्यांनी उंची-वजन, रक्तातली आयजीएफ-1 (ग्रोथ हॉर्मोनचा परिणाम दाखवणारा घटक) आणि थायरॉइडची तपासणी आहे, तुझ्यामागे कोण आहे?

आठ महिन्यांत ती 6 सेंटीमीटर वाढली. आधीच्या अख्ख्या वर्षात साडेतीन वाढली होती. परवा वजन 22 किलो भरलं आणि मॅडमनी डोस 0.38 मिली केला. घरी आल्याआल्या फ्रिजवरचा 35 चा कागद काढून फाडला, 38 चा लावला आणि आईंनाही दाखवला, मी नसले की त्याच देतात.