चार्ल्सटन की स्ट्रासबर्ग?

फक्त महिलांची, उघड्यावरची क्ले कोर्ट (म्हणजे मातीच्या कोर्टवरची) टेनिस स्पर्धा स्टेडियममध्ये बसून बघायची असेल, तर मी या दोनच नावांचा विचार करेन: अमेरिकेतलं चार्ल्सटन आणि फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग. (जर्मनीतलं स्टुटगार्ट कुणीतरी सुचवेलच, पण तिथली स्पर्धा छताखाली होते.) दोन्ही स्पर्धा डब्ल्यूटीए ५०० दर्जाच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टूरवर विजेतीला ५०० गुण देणाऱ्या.

चार्ल्सटनची माती हिरवी, खडकाचा चुरा दाबून केलेली. महिलांच्या टूरवर अशा मातीची ही एकमेव स्पर्धा. कोर्ट घट्ट असल्याने चेंडू लाल मातीपेक्षा वेगाने निघतो, पाऊस पडून गेला तरी लवकर वाळतं. स्ट्रासबर्गला विटांच्या चुऱ्याची लाल माती. लांबलचक रॅली आणि घसरत जाऊन परतवलेले फटके हेच क्ले कोर्टचं टेनिस, असं ज्यांचं मत आहे त्यांना तीच आवडेल. अमेरिकेच्या मॅडिसन कीजने दोन्हीकडे बाजी मारली आहे: चार्ल्सटन २०१९ मध्ये, स्ट्रासबर्ग २०२४ मध्ये. तिने स्ट्रासबर्गच्या अंतिम फेरीत हरवलेली डॅनिएल कॉलिन्स त्याच वर्षीची चार्ल्सटनची विजेती होती.

माझ्या लेखी खरा प्रश्न मातीचा नाही, आठवड्याचा आहे. स्ट्रासबर्गची अंतिम फेरी शनिवारी आणि रविवारी पॅरिसला फ्रेंच ओपन सुरू. खेळाडू इथे सरावाला येतात. पाय जरा दुखला तरी माघार घेतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ज्या नावासाठी तिकीट काढलं तेच ऐनवेळी गायब, ही जोखीम धरूनच जावं. चार्ल्सटन एप्रिलच्या सुरुवातीला, क्ले हंगामाच्या तोंडावर. तिथे पुढच्याच आठवड्यात फ्रेंच ओपनसारख्या ग्रँड स्लॅमची टांगती तलवार नसते. शिवाय १९७३ पासूनची परंपरा आहे, आधी जवळच्या हिल्टन हेड बेटावर, २००१ पासून चार्ल्सटनला. मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा २०१५ मध्ये मार्टिना हिंगिससोबत इथलीच दुहेरी जिंकून जागतिक क्रमवारीत पहिली आली.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी फार विचार करू नये. अटलांटाहून गाडीने पाचएक तासांत चार्ल्सटन. जर्मनीतल्यांना स्ट्रासबर्ग ऱ्हाइन ओलांडली की आलंच. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांचं गणित व्हिसापाशी अडतं: अमेरिकेचा हातात नसेल तर एवढ्यासाठी त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन व्हिसा बरा. मग मात्र एकटं स्ट्रासबर्ग करू नका. शेवटचे दोन दिवस तिथे काढा आणि रेल्वेने दोन तासांच्या आत पॅरिस गाठा, फ्रेंच ओपनच्या पहिल्या फेरीला.