इंग्लिश तपासणारं ॲप: सात महिने वापरून काय वाटलं

मी परभणीत एमएस्सी ॲग्री करायलोय, बारावीपर्यंत सगळं मराठी मिडीयम, त्यामुळं थेसिसचा पहिला चॅप्टर गाईड सरांनी लालेलाल करून परत दिला तवा रूममेटनं हे ग्रामर चेकर टाकायला लावलं. नाव सांगत नाही, फुकटातलं व्हर्जन आहे.

आधी सेटिंग बघा. माझ्याकडं अमेरिकन इंग्लिश होतं, 'लेबर'मधला यू काढ म्हणून रोज कटकट, ब्रिटिश केलं अन् थांबली. खरीप, तूर लिहिलं की लाल रेघ येतेच. तूरला 'टूर' करू का म्हणतं, मी एकदा घाईत हो म्हणलो अन् अख्ख्या तक्त्यात टूरचं पीक आलं. सर म्हणले, सहल कुठं काढली रे?

'डिस्कस अबाउट', 'इन्फॉर्मेशन'ला लावलेला एस, हे मात्र लगेच धरतं, लई कामाचं. 'अ' अन् 'द' चं वेगळंच. आपल्यात हा प्रकारच नाही, 'शेतकरी बाजारात गेला' म्हणलं की कोणता शेतकरी ते मागच्या बोलण्यावरून कळतं. ॲपला ते कसं कळणार? 'अ फार्मर' लिहा नाहीतर 'द फार्मर', गप बसतं, काहीच नाही लावलं तरच ओरडतं.

खरा घोळ पुढं झाला. पाण्याच्या ताणानं उत्पादन ४० टक्क्यांनी घटलं असं लिहायचं होतं, मी 'डिक्रीज्ड टू फोर्टी परसेंट' लिहिलं, म्हंजे घटून ४० टक्क्यांवर आलं! एक रेघ नाही आली, कामून की व्याकरणात चूकच नव्हती ना. सरांनी धरलं म्हणून वाचलो.

तवापासून सगळं ॲक्सेप्ट करत सुटणं बंद केलं. वहीत चूक अन् तिचं कारण लिहितो. लॅपटॉपवर लँग्वेजटूल नावाचं दुसरं चेकर पण टाकलंय, ओपन सोर्स आहे, डॅनियल नाबर नावाच्या जर्मन माणसानं २००३ मध्ये डिप्लोमाच्या कामातून काढलेलं, रेघेवर क्लिक केलं की चूक काय ते थोडक्यात सांगतं, वही त्यावरच भरायली. 'द' चं पानच सगळ्यात मोठं.

रूममेटनं महिनाभर त्या पहिल्या ॲपचं पैसेवालं व्हर्जन घेतलं होतं. ते अख्खं वाक्यच बदलून देतं, वाचायला एकदम भारी. सेमिनारमध्ये त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारला तर गड्याला सांगता येईना. मी काही घेतलं नाही.