चौदा मॉनिटर आणि एक प्रमाणपत्र

गिरगावातील आमच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या पोटमाळ्यावर साठलेले चौदा जुने मॉनिटर आम्ही अलीकडेच ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण कंपनीकडे सोपवले. त्यांत पिक्चर ट्यूबचे तीन 'डबा' मॉनिटर, सात जुने एलसीडी आणि चार एलईडी होते.

कंपनीचे दरपत्रक पाहून प्रथम आश्चर्यच वाटले, कारण एलसीडी व एलईडीसाठी ती वजनावर किरकोळ रक्कम देत होती, तर डबा मॉनिटर नेण्यासाठी उलट आमच्याकडूनच शुल्क मागत होती. गल्लीतला भंगारवाला मात्र सगळ्यांचेच रोख पैसे द्यायला तयार होता. त्याला हवी असते ती ट्यूबच्या मानेवरची तांब्याची कॉईल. ती काढून घेतली की शिसे असलेली काच कुठे जाते, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. या काचेला चांगला ग्राहक मिळत नाही व तिची विल्हेवाट खर्चाची असते, हे कंपनीच्या प्रतिनिधीने आडवळण न घेता सांगितले. शुल्क पटले नाही, तरी कारण पटले.

माल उचलण्याचे काम या सेवेची सर्वांत जमेची बाजू ठरली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना लाकडी व अरुंद आहे, तरीही माणसांनी डबा मॉनिटर पडद्याची बाजू छातीशी धरून एकेक करून उतरवले. आतील निर्वात ट्यूब फुटली तर काचा उडतात, याची त्यांना जाण होती. जुन्या एलसीडीच्या पडद्यामागे पाऱ्याचा अंश असलेल्या बारीक नळ्या असतात, म्हणून ते सात नग उभे ठेवून मध्ये पुठ्ठा घातला गेला. एलईडी मॉनिटरमध्ये पडदा एलसीडीचाच असला, तरी मागचा प्रकाश एलईडीचा असल्याने पारा नसतो. त्यांतला एक सुरू करून पाहताच तो चालू निघाला, तेव्हा तो मोडीत काढण्याऐवजी वापरात ठेवा, असे सांगून त्यांनी तो परत केला. वजनावर धंदा करणाऱ्याकडून हे अपेक्षित नव्हते.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. फोनवर 'तुम्हाला ईपीआर प्रमाणपत्र मिळेल' असे सांगण्यात आले होते, ते चुकीचे आहे. ईपीआर म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी, अर्थात बाजारात आणलेल्या मालाच्या ठरावीक भागाचे पुनर्चक्रण करवून घेण्याचे उत्पादकावरील बंधन. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार ही प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पुनर्चक्रण करणाऱ्याच्या नावे तयार होतात आणि उत्पादक आपले उद्दिष्ट भरून काढण्यासाठी ती विकत घेतात. हे उद्दिष्ट २०२३-२४ मध्ये ६० टक्के होते, २०२७-२८ पासून ते ८० टक्के होईल. कार्यालयाला मिळते ते कंपनीच्या लेटरहेडवरील साधे पुनर्चक्रण प्रमाणपत्र. आर्थिक वर्षात एका वेळी किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्या संस्था 'मोठ्या प्रमाणावरील ग्राहक' ठरतात आणि नोंदणीकृत संस्थेकडेच ई-कचरा देण्याचे बंधन त्यांच्यावर असते. आमच्यासारख्या छोट्या कार्यालयाला हा निकष लागू होत नाही, परंतु ताळेबंदातील मालमत्ता वगळताना पुरावा लागतोच.

तो पुरावा म्हणून आलेल्या कागदावर 'संगणक साहित्य' एवढेच शब्द आणि एकूण वजन होते. मॉनिटर किती, कोणत्या प्रकारचे, अनुक्रमांक कोणते, यांपैकी काहीच नव्हते. असा कागद आमच्या एखाद्या अशिलाने दाखवला असता, तर आम्ही तो बिनदिक्कत परत केला असता. माल नेताना त्यांच्याच माणसाने मागच्या लेबलांवरून अनुक्रमांक वहीत उतरवले होते, म्हणजे माहिती त्यांच्याकडेच होती. दोन ईमेल आणि तीन फोन झाल्यावर नगवार यादीसह सुधारित प्रमाणपत्र मिळाले.

ज्यांना ही सेवा घ्यायची असेल, त्यांनी कंपनीचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर ताडून पाहावा आणि नगवार यादीची अट दर ठरवतानाच लेखी घालावी. हाताळणीसाठी मी या कंपनीला पाचपैकी साडेचार गुण देईन, कागदपत्रांसाठी दोन. सुधारित यादीतही एका अनुक्रमांकात एक आकडा चुकला आहे. तो पेनने दुरुस्त करण्याचा मोह लेखापरीक्षकाला आवरावा लागतो, म्हणून तिसऱ्या प्रतीची वाट पाहत आहोत.