एक नोड गेला तर दुरुस्तीला कोण धावतं? रीड-सॉलोमन, क्ले की एलआरसी

फोंड्यात आमचे सेफवर (Ceph, अनेक यंत्रांवर मिळून डेटा साठवणारी प्रणाली) दहा नोड, म्हणजे सर्व्हर, आहेत, पाच तळमजल्यावर आणि पाच वर. त्यांवर जत्रेतल्या जुन्या नाटकांच्या संहितांचे स्कॅन ठेवलेत. तीन प्रती परवडेनात म्हणून इरेजर कोडिंगकडे (डेटाचे तुकडे करून सोबत दुरुस्तीचे जादा तुकडे ठेवणं) वळलो आणि सगळे जातात तसे आधी रीड-सॉलोमन 4+2 वर (चार तुकडे डेटाचे, दोन जादा) गेलो. 1960 चा कोड, जागा दीडपट, कुठलेही दोन तुकडे गेले तरी डेटा शाबूत. विश्वासाच्या बाबतीत आजही त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती जूनची. गडगडाट झाला आणि वरचा एक नोड बंद पडला. सेफ दहा मिनिटं वाट बघतं, मग नोड बाद धरून दुरुस्तीला लागतं. एक तुकडा बांधायला चार अख्खे तुकडे लागतात, आणि त्यातले बरेचसे खालून वर येतात. दोन मजल्यांमध्ये आमची एकच एक गिगाबिटची केबल. सकाळी सूची करणाऱ्या ताई जिना उतरून आल्या. म्हणाल्या, "पान उघडतच नाही हो, नुसतं फिरत राहतं." दिवसभर त्यांचं काम ठप्प. पावसाळ्यात हे एकदाच होऊन थांबत नाही.

मग क्ले पाहिला. 2018 मध्ये हा कोड पुढे आला, त्यात बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञानसंस्थेचा मोठा वाटा. जागा तेवढीच, आणि उरलेल्या पाच जणांकडून अर्धा-अर्धा तुकडा, म्हणजे चाराऐवजी अडीच. कागदावर हाच सरस. पण तो अर्धा तुकडा सलग असेलच असं नाही, आणि आमच्या फिरत्या डिस्कना ही तुटक वाचनं जड गेली. शिवाय पाचही हजर हवेत, आणखी एक गळाला की बचत संपली. केबलवरची ये-जा तर राहिलीच.

एलआरसीत (लोकली रिपेअरेबल कोड, जवळच्याच तुकड्यांवरून दुरुस्ती करणारा) आम्ही 4+2 च्या सहा तुकड्यांचे तीन-तीनचे गट केले आणि ते मजल्याप्रमाणे लावले. प्रत्येक मजल्यावर तीन तुकडे आणि त्यांचा एक स्थानिक पॅरिटी (दुरुस्तीचा जादा) तुकडा. वरचा गेला तर वरचेच तिघे धावतात. वाचन क्लेपेक्षा जास्तच, पण केबलवरचा ताण कमी. जुलैत पुन्हा नोड गेला तेव्हा ताईंना पत्ताही लागला नाही.

किंमत आहे: जागा दुप्पट. एकाच मजल्यावरचे दोन गेले तर शेजारी पुरत नाहीत, दुसऱ्या मजल्याची मदत लागतेच. अख्खा मजला गेला तर डेटा उभा राहत नाही, त्यामुळे बॅकअप वेगळा ठेवाच. तुमच्याकडे एसएसडी आणि सगळीकडे सारखं वेगवान नेटवर्क असेल तर क्ले कदाचित बरा पडेल. नोड दोन ठिकाणी विभागलेले आणि मधली वाट अरुंद असेल, तर मी एलआरसीच घेईन.

एकदा पूल (सेफमधला साठवणीचा कप्पा) बनवला की त्याचा कोड बदलता येत नाही, नवा पूल करून सगळा डेटा हलवावा लागतो. म्हणून आधी चाचणीचा पूल करा, एका नोडची वायर काढा, दहा मिनिटं उलटू द्या आणि वरच्या मजल्यावर कुणाला तरी पान उघडायला सांगा.