लूत तपासायला एका आयपीसचा साधा मायक्रोस्कोप

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत दिसतो तोच एका आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा), एलईडी दिव्याचा मायक्रोस्कोप कुत्र्यांची लूत ओळखायला पुरतो. ४ आणि १० पटीची भिंगं, वर १० पटीचं आयपीस, म्हणजे एकूण ४० आणि १०० पट. माइटला, म्हणजे लूत आणणाऱ्या बारीक जीवांना पाहायला एवढं बस आहे. १०० पटीच्या ऑइल भिंगासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. चार्जिंगची बॅटरी मात्र हवीच, खेड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही.

दोन गोष्टी दुकानातच तपासा. एक, स्क्रूने सरकणारं स्टेज, म्हणजे काचपट्टी ठेवायची जागा. काचपट्टी नांगराच्या तासामागून तास धरल्यासारखी पूर्ण पाहावी लागते, हाताने सरकवली की मधले पट्टे सुटतात. दुसरी, आयरिस, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप. माइट जवळजवळ पारदर्शक असतात, लख्ख उजेडात दिसतच नाहीत. कंडेन्सर (स्टेजखालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या, आयरिस बरीचशी मिटवा, कडा लगेच उठून येतात. स्वस्त मॉडेलात आयरिसची दांडी ढिली निघते, असा नग परत करा. वरून उजेड पाडणारे यूएसबी मायक्रोस्कोप या कामाचे नाहीत, उजेड खालून आरपार यायला हवा.

बाकी सगळं खरवडीवर, म्हणजे कातडी खरवडून काचपट्टीवर घेतलेल्या नमुन्यावर. बोथट केलेलं १० नंबरचं ब्लेड आणि लिक्विड पॅराफिनचा थेंब घ्या. पाणी नको, इथल्या उन्हाळ्यात ते कव्हर स्लिपखाली (वरच्या पातळ काचेखाली) बघता बघता सुकतं. डेमोडेक्स हा माइट केसांच्या मुळाशी राहतो: कातडी चिमटीत दाबून, किंचित रक्त पाझरेपर्यंत खरवडा. दिसायला विडीसारखा लांबट, साधारण पाव मिलिमीटर, आखूड पायांच्या चारही जोड्या पुढच्या भागात. तीनच जोड्या दिसल्या तर ती त्याची अळी. दुसरा माइट सारकोप्टिस, तो गोल, मागचे पाय अंगाच्या कडेबाहेर येत नाहीत. तो वरच्या थरात असतो, म्हणून कानाची कड आणि कोपर यांवरून रुंद पट्टा उथळ खरवडा. त्याचं एक अंडं दिसलं तरी निदान पक्कं.

पण सारकोप्टिस दिसला नाही म्हणून तो नाही असं धरू नका. संख्या इतकी कमी असते की अनेकदा खरवड कोरी येते. कुत्रं सतत खाजवतंय आणि घरच्यांनाही खाज सुटलीय, तर पशुवैद्यक कोऱ्या पट्टीवरही उपचार सुरू करतात.

केळीच्या मळ्यांतल्या राखणीच्या कुत्र्यांना कुणी लुतीवर जळकं ऑइल फासतं. ते विषारी आहे, कुत्रं चाटतं. शिवाय काचपट्टीवर नुसते काळे डाग दिसतात. अशा कुत्र्याला आधी सौम्य शाम्पूने धुवून काढा आणि खरवड दोन-तीन दिवसांनी घ्या.